‘तो’ शब्द आणि ती कादंबरी

आपल्या शाळेच्या मागील माजी विद्यार्थी मेळाव्याला आलेल्या एका विद्यार्थिनीने मला एक प्रश्न विचारला होता. पाचवीपासून दहावीपर्यंत ती आपल्याच वसतिगृहात राहिली. आता शहरातील एका महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय घेऊन एम. ए. करते आहे. पंगती उठल्यावर ग्रंथालयाच्या ओट्यावर बसून ती म्हणाली, "सर, आम्हाला मार्क ट्वेनची ‘हकलबेरी फिन’ अभ्यासाला आहे. त्यातला एक उतारा वर्गात मोठ्याने वाचला गेला. कृष्णवर्णीयांना ज्या शिवीने हाक मारत, तो शब्द ओळीओळीला येत होता. काही मुलं हसली. मला हसू आलं नाही. मी विचारलं, हे पुस्तक वर्णद्वेषी आहे का? तर उत्तर मिळालं, अभिजात कलाकृतीला असे प्रश्न विचारायचे नसतात. सर, तुम्ही इतिहास शिकवता. तुम्हीच सांगा."

मी तेव्हा "वाचून सांगतो" एवढेच म्हणालो. ग्रंथालयाला देणगी म्हणून आलेल्या पुस्तकांच्या खोक्यात या कादंबरीची इंग्रजी प्रत होती. उन्हाळ्याच्या सुटीत शब्दकोश शेजारी ठेवून ती पूर्ण वाचली. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा वाटले, ते उत्तर येथेच लिहावे. हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. आपल्या ग्रंथालयाच्या कपाटात काय असावे, वर्गात काय वाचले जावे आणि ते कसे वाचले जावे, हे सारे प्रश्न त्यात आले.

प्रश्न अमेरिकेतील पुस्तकाचा आहे. आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना ती अर्पण केली. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, 1876 साली, मार्क ट्वेनने ही कादंबरी लिहायला घेतली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते; पुढे 1946 साली त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याची जाणीव व्यक्त केली. 1972 साली आपल्या तरुणांनी संघटना उभारली तेव्हा तिचे नाव ‘ब्लॅक पँथर’वरून घेतले. तेव्हा अमेरिकेतील गुलामाच्या वाट्याला आलेला शब्द हा आपल्यासाठी परका विषय नाही.

प्रथम त्या शब्दाविषयी. आपल्याकडे अनेकांना ‘निग्रो’ आणि ‘तो’ शब्द एकच वाटतात. तसे नाही. ‘निग्रो’ हा त्या काळातील औपचारिक शब्द होता. ड्यू बॉइस यांच्यासारखे कृष्णवर्णीय नेतेही तो स्वतःच्या समाजासाठी वापरीत. ‘तो’ शब्द मात्र माणसाला माणसांच्या पंक्तीतून उठवण्यासाठीच वापरला जाई. मराठीत त्याला ‘काळ्या’ म्हटले तर त्याचे विष उतरून जाते, कारण आपण ‘काळ्या’ लाडानेही म्हणतो. जातीच्या नावाला तुच्छतेचा ‘डा’ जोडून जी हाक गावगाड्यात दिली जाई, ती ज्यांनी ऐकली आहे त्यांना त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. कादंबरीत हा शब्द दोनशेहून अधिक वेळा येतो. या लेखात तो एकदाही छापलेला नाही, आणि त्यावाचून काही अडलेले नाही.

आता कादंबरी. ती डिसेंबर 1884 मध्ये इंग्लंडात आणि फेब्रुवारी 1885 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. गुलामगिरी घटनादुरुस्तीने 1865 साली संपली होती. कथा मात्र त्यापूर्वीच्या, मिसिसिपी नदीकाठच्या मिसूरी राज्यातली आहे. दारूड्या बापाच्या मारहाणीतून पळालेला हक नावाचा गोरा पोरगा ती आपल्या अडाणी बोलीत सांगतो. मिस वॉटसन या बाईचा गुलाम जिम हाही पळालेला आहे, कारण आठशे डॉलरला आपल्याला दक्षिणेत न्यू ऑर्लिन्सला विकण्याचे बोलणे त्याने ऐकले आहे. दोघे एका तराफ्यावरून नदीने निघतात. ओहायो नदीच्या संगमावर वळून मुक्त राज्यांत जायचे, ही जिमची आशा. पण धुक्यात तो संगम मागे पडतो आणि तराफा गुलामगिरीच्या आणखी खोल मुलखात वाहत जातो.

हक हा चांगला मुलगा आहे, पण त्याच्या मनात जे भरवले गेले आहे ते चांगले नाही. गुलामाला पळून जायला मदत करणे म्हणजे मालकिणीची चोरी आणि देवाचा अपराध, असे त्याला मनापासून वाटते. एका प्रसंगी तो मिस वॉटसनला जिमचा ठावठिकाणा कळवणारे पत्र लिहितो. पत्र लिहिल्यावर त्याला पापातून मोकळे झाल्यासारखे वाटते. मग त्याला जिम आठवतो. स्वतःची पाळी संपल्यावरही हकला झोपू देऊन रात्रभर पहारा करणारा जिम, धुक्यातून हक परत आला तेव्हा हरखून गेलेला जिम. हक ते पत्र फाडतो आणि नरकात जावे लागले तरी चालेल, असे ठरवतो.

या प्रसंगाची ताकद आपल्या वाचकाला लवकर कळेल. विटाळ मानणारा प्रत्येक माणूस दुष्ट नव्हता. तहानलेल्याला पाणी देणे पाप आहे, असे त्याला धर्माच्या नावाने शिकवले होते. माणुसकीलाच पाप ठरवणारी व्यवस्था तेथेही होती आणि येथेही होती. ट्वेन स्वतः गुलाम बाळगणाऱ्या घरात वाढला. आपल्या लहानपणी गुलामगिरीत काही वावगे आहे असे कुणी सांगितलेच नाही, चर्चच्या व्यासपीठावरूनही ती ईश्वराला मान्य असल्याचेच सांगितले जाई, अशी कबुली त्याने आत्मचरित्रात दिली आहे. हकच्या विवेकाला जडलेला आजार लेखकाने स्वतःच्या अंगावर भोगलेला होता.

त्याची एक खूण मुंबईतही आहे. जानेवारी 1896 मध्ये ट्वेन व्याख्यानांच्या दौऱ्यावर मुंबईत आला आणि वॉटसन हॉटेलात उतरला. खोलीची व्यवस्था पाहताना एका धिप्पाड जर्मन माणसाने तेथील हिंदी नोकराच्या थोबाडीत मारली. नोकराने ती निमूट सोसली. हा प्रसंग ट्वेनने 1897 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात लिहिला आहे. त्या एका थपडेसरशी त्याला पन्नास वर्षांपूर्वीचे आपले गाव आठवले. किरकोळ चुकीसाठी मार खाणारे गुलाम आठवले. एका मालकाने क्षुल्लक कारणावरून लोखंडी खनिजाचा गोळा फेकून मारलेला आणि तासाभरात गतप्राण झालेला गुलाम आठवला. आपल्या मातीवरच्या एका माणसाचे मुकाट सोसणे पाहून ज्याला स्वतःच्या बालपणाची लाज वाटली, त्याने गुलामाला लावलेली शिवी गंमत म्हणून लिहिली असेल, हे मला पटत नाही.

कादंबरीतच याचा पुरावा आहे. हक एका बाईला थाप मारतो की, बोटीवर स्फोट झाला. बाई विचारते, कुणाला इजा झाली का? तो सांगतो, नाही, फक्त एक कृष्णवर्णीय मेला, आणि तेथे ‘तो’ शब्द वापरतो. बाई सुटकेचा निःश्वास टाकते. कधीकधी माणसांना इजा होते, असेही म्हणते. ती बाई दुष्ट नाही. प्रेमळ आहे, देवभीरू आहे. तिच्या हिशेबात मेलेला माणूस माणसांत जमा नाही, इतकेच. हे वाचून अंगावर काटा आला तर लेखकाने आपले काम केले. आणि लक्षात घ्यावे, हे उद्गार काढणारा हक नुकताच जिमसाठी नरकात जायला तयार झालेला आहे. एका जिमविषयी त्याचे मन बदलले, पण जिभेवरचा शब्द गेला नाही. समाज असाच बदलतो, अर्धामुर्धा. हे आपण रोज पाहतो.

म्हणून त्या शब्दाची मोजदाद करून निकाल देता येणार नाही. मग कसोटी कोणती? येथे नायजेरियाचे थोर कादंबरीकार चिनुआ अचेबे यांचे बोट धरावे. 1975 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी जोसेफ कॉनरॅडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ या मान्यवर कादंबरीवर थेट वर्णद्वेषाचा आरोप ठेवला. एका युरोपीय माणसाच्या मनाची पडझड दाखवण्यासाठी अख्खा आफ्रिका खंड पडद्यासारखा मागे टांगला आहे, आणि तेथील माणसांना जवळजवळ वाचाच दिलेली नाही, हा त्यांचा आक्षेप होता. कॉनरॅडने साम्राज्यशाहीच्या लुटीवर टीका केली होती, हे मान्य करूनही तो आक्षेप उरतो. यातून मी जी कसोटी घेतो ती अशी: ज्याला हीन मानले गेले, त्याला पुस्तकात बोलता येते का? त्याला आपले दुःख, आपला राग, आपले मत आहे का?

या कसोटीवर ‘हकलबेरी फिन’चा मधला भाग उतरतो. धुक्यात हरवलेला हक परत येतो आणि ‘मी गेलोच नव्हतो, तुला स्वप्न पडले’ असे म्हणून जिमची थट्टा करतो. जिमला थट्टा कळते तेव्हा तो हसत नाही. जो आपल्या मित्राला लाज आणतो तो कचरा होय, असे तो हकला तोंडावर सुनावतो. हक पंधरा मिनिटे स्वतःशी झगडतो आणि मग जाऊन त्याची माफी मागतो. गुलामाची माफी मागणारा गोरा मुलगा 1885 साली छापला जाणे, ही लहान गोष्ट नव्हती. दुसऱ्या एका रात्री जिम आपल्या चिमुकल्या मुलीची आठवण काढून रडतो. सांगितलेले ऐकले नाही म्हणून त्याने तिला मारले होते. नंतर कळले की तापाने तिचे कान गेले होते, तिला ऐकूच येत नव्हते. ज्या बापाची लेकरे मालकाच्या मर्जीने विकली जाऊ शकत होती, त्या बापाचे हे रडणे आहे. कृष्णवर्णीय लेखक राल्फ एलिसन यांनी 1958 साली लिहिले होते की, गोऱ्यांच्या करमणुकीसाठी तोंडाला काजळी फासून होणाऱ्या खेळांतला मुखवटा ट्वेनने जिमला चढवला खरा, पण जिमची प्रतिष्ठा त्या मुखवट्यामागून दिसतेच.

तो मुखवटा आहे, हे मात्र विसरू नये. ट्वेनला ते काजळीचे खेळ आवडत. तसे त्याने स्वतः लिहिले आहे. सुरुवातीच्या प्रकरणांतला जिम भुताखेतांना घाबरणारा, पोरांच्या खोड्यांना फसणारा आहे, आणि वाचकाने त्याला हसावे अशीच रचना आहे. सर्वांत मोठी निराशा शेवटी होते. जिमला पकडून एका शेतावर डांबलेले असते. तेथे टॉम सॉयर येतो आणि कथा-कादंबऱ्यांत कैदी जसे पळतात तसेच जिमला पळवायचे, असा हट्ट धरतो. दार उघडून चालत जाता आले असते. त्याऐवजी आठवड्यांमागून आठवडे साप, उंदीर, दोरशिड्या यांचा खेळ चालतो. मिस वॉटसनने मृत्युपत्रात जिमला दोन महिन्यांपूर्वीच मुक्त केले आहे, हे टॉमला पहिल्यापासून ठाऊक असते. जो जिम तराफ्यावर ताठ मानेने बोलला, तो या दहा प्रकरणांत पोरांचे खेळणे होतो, आणि नरकात जायला निघालेला हक त्या खेळात सामील होतो.

काही समीक्षक म्हणतात, हा शेवट मुद्दामच तसा लिहिला आहे. कायद्याने मुक्त झालेल्या माणसाला 1877 नंतरच्या अमेरिकेने पुन्हा कसे बांधले, त्याचे हे रूपक आहे. तसे असू शकेल. शेवटी टॉम जिमला ‘शहाण्यासारखा कैदी झाल्याबद्दल’ चाळीस डॉलर देतो. जिमला ज्या भामट्यांनी विकले त्यांनी चाळीसच डॉलर घेतले होते. आणि पळालेल्या गुलामांना शोधणाऱ्या दोघांनी हकची दया येऊन त्याच्याकडे सोडलेली रक्कमही वीस-वीस, म्हणजे चाळीसच डॉलर होती. तीनदा येणारा तो आकडा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. तरीही रूपकासाठी जिमला दहा प्रकरणे कोठडीत मुका ठेवण्याची किंमत मोठी आहे, असेच मी म्हणेन. लेखक जिमच्या बाजूने बोलायला निघाला, बराच लांब गेला, आणि अखेरीस त्याची वाट चुकली.

आता वादाची दुसरी बाजू पाहू. पुस्तक आले त्याच वर्षी कॉनकॉर्डच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ते कपाटातून काढले. कारण वर्णद्वेष हे नव्हते. भाषा गावंढळ, मुलगा उनाड, वळण वाईट, हे होते. कृष्णवर्णीय वाचकाला काय वाटते, हे तेव्हा कुणी विचारलेही नाही. त्यांचा आवाज ऐकू यायला सात दशके गेली. 1957 साली न्यूयॉर्क शहराच्या शिक्षण मंडळाने प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक शाळांच्या मान्य यादीतून ही कादंबरी वगळली. 1982 साली व्हर्जिनिया राज्यात, मार्क ट्वेनच्याच नावाच्या शाळेत, एका कृष्णवर्णीय शिक्षण-प्रशासकाने ती वर्गात सक्तीने वाचायला लावू नये अशी मागणी केली. भरल्या वर्गात ती मोठ्याने वाचली जाते तेव्हा कृष्णवर्णीय मुलाची मान खाली जाते, हे त्यांचे म्हणणे होते. अशा लोकांना ‘वाङ्मय न कळणारे’ म्हणून हसण्यावारी नेणाऱ्यांत मी नाही. कारण ती खाली गेलेली मान मी पाहिली आहे.

येथे मला माझीच एक चूक कबूल केली पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी वाचनाच्या तासाला मी एक जुनी साहसकथा वर्गाला वाचून दाखवत होतो. त्या कथेतले दरोडेखोर पारधी होते, आणि तो शब्द येईल तेथे मी आवाज बदलून रंग भरत होतो. वर्ग रंगला होता. मागच्या बाकावर फासेपारधी समाजातून आलेला एक मुलगा बसला होता, याचे मला भानच नव्हते. तो पुढचे दोन दिवस वर्गात बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने वसतिगृहाच्या अधीक्षकांना सांगितले, मला गोष्टीच्या तासाला बसायचे नाही. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमाती आणि 1952 साली झालेली त्यांची मुक्तता, हा पाठ मी दरवर्षी शिकवत होतो. लहानपणी धडा वाचताना जातीचे नाव आले की सारा वर्ग माझ्याकडे वळून पाहायचा, तो दाहही मी विसरलेलो नव्हतो. एवढे असूनही पुस्तक हातात घेऊन उभा राहिलो तेव्हा मी वाचणाऱ्याच्या जागी होतो, आणि त्या जागेवरून मागचा बाक दिसत नाही. मी त्या मुलाची माफी मागितली. त्याने मान हलवली. गोष्टीच्या तासाला तो पुन्हा यायला पुढचे सत्र उजाडले.

म्हणून माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे मी दोन प्रश्न करतो. पुस्तक कोणाच्या बाजूने उभे आहे, हा एक. ते पुस्तक वर्गात उघडते तेव्हा शब्दाचा घाव कोणावर पडतो, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर चांगले आले म्हणून दुसरा प्रश्न मिटत नाही. जिमच्या बाजूचे पुस्तकही हसणाऱ्या वर्गात जिमच्या लेकरांवर उलटू शकते.

यावर एक सोपा उपाय 2011 साली अमेरिकेत निघाला. एका प्राध्यापकाने संपादित केलेल्या आवृत्तीत तो शब्द सगळीकडून काढून त्या जागी ‘गुलाम’ हा शब्द घातला गेला. हेतू सद्‌भावनेचा होता. मुलांना न दुखावता पुस्तक वाचता यावे. परंतु इतिहासाचा शिक्षक म्हणून मला हे मान्य होत नाही. ‘गुलाम’ ही कायद्याने दिलेली अवस्था होती. ‘तो’ शब्द ही तुच्छता होती. कायदा 1865 साली गेला, तुच्छता राहिली. कादंबरीत हकच्या बापाला सर्वाधिक संताप येतो तो ओहायोहून आलेल्या एका सुशिक्षित कृष्णवर्णीय प्राध्यापकाचा. त्याचे स्वच्छ कपडे, त्याची विद्या, त्याचा मताधिकार हे सारे त्या दारूड्याला सलते, आणि तो त्याला तीच शिवी देतो. तो प्राध्यापक गुलाम नाही, स्वतंत्र आहे. शिकलेल्या, पुढे गेलेल्या माणसालाही जुन्याच नावाने खाली ओढण्याची ही वृत्ती आपल्याला परिचित आहे. शब्द झाकला तर ती वृत्तीही झाकली जाईल.

मग कोणी विचारील, बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन केले, ते कसे? फरक स्पष्ट आहे. मनुस्मृती विषमतेची आज्ञा देते. काय करावे, कोणाला कोणती शिक्षा द्यावी, हे ती सांगते, आणि समाज त्या आज्ञेचा हवाला देत होता. कादंबरी आज्ञा देत नाही, दाखवते. दाखवताना ती चुकू शकते, म्हणून तिची चिकित्सा करायची. आणि हेही ध्यानात ठेवावे की, ज्या बाबासाहेबांनी मनुस्मृती जाहीरपणे जाळली, त्यांनीच आपल्या ग्रंथांतून तिचे श्लोक जसेच्या तसे पानोपानी उद्धृत केले. एकही कठोर शब्द त्यांनी सौम्य केला नाही. दहन हा तिच्या सत्तेला नकार होता. शब्द मात्र त्यांनी पुरावा म्हणून जपून ठेवला.

तर आपल्या शाळेत काय करावे? माझे मत मांडतो. ही कादंबरी ग्रंथालयात असावी, परंतु ती लहान वर्गांसाठी नाही; नववीच्या पुढे, आणि शिक्षक सोबत असताना वाचावी. गुलामगिरीचा इतिहास आधी शिकवावा, कादंबरी नंतर. ‘तो’ शब्द पानावर राहू द्यावा, पण वर्गात मोठ्याने उच्चारू नये. पुराव्याकडे बोट दाखवता येते, तो पुन्हा फेकून मारण्याची गरज नसते. कोणत्याही मुलाला त्याच्या समाजाचा प्रतिनिधी करून ‘तुला काय वाटते’ असे विचारू नये. त्याला बोलायचे असेल तर त्याचे आधी ऐकावे, गप्प राहायचे असेल तर राहू द्यावे. जी पुस्तके आपल्या मुलांच्या समाजाविषयी नाहीत, त्यांच्याबाबतही हाच नियम पाळावा. भटक्या-विमुक्तांविषयी, आदिवासींविषयी, स्त्रियांविषयी, मुसलमानांविषयी जे शब्द आपल्या तोंडी सहज येतात, त्यांच्या बाबतीत आपणही हकच असतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे, जिमविषयी लिहिलेले पुस्तक एकटे वाचू नये. 1838 साली गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी 1845 साली आपले आत्मवृत्त स्वतःच्या हाताने लिहिले. मार्क ट्वेन तेव्हा नऊ वर्षांचा होता. जिम बोलू शकतो एवढेच ट्वेनने दाखवले. जिम लिहू शकतो हे डग्लस यांनी त्याआधी चाळीस वर्षे सिद्ध केले होते. अलीकडे, 2024 साली, पर्सिव्हल एव्हरेट या कृष्णवर्णीय लेखकाने हीच कथा जिमच्या तोंडून नव्याने सांगितली. त्या कादंबरीचे नाव ‘जेम्स’. त्यातला जिम वाचतो, लिहितो, तत्त्वज्ञांशी मनातल्या मनात वाद घालतो, आणि गोऱ्यांसमोर मुद्दाम अडाणी बोलीचे सोंग घेतो, कारण तसे केले नाही तर जीव धोक्यात येतो. या कादंबरीला नॅशनल बुक अवॉर्ड आणि पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. ट्वेनचे पुस्तक कुणी नष्ट केले नाही, कुणी सोवळ्यातही ठेवले नाही. ज्यांच्याविषयी ते होते त्यांच्यातल्या एकाने लेखणी हाती घेऊन त्याला उत्तर दिले. आपल्याकडे दलित साहित्याने याहून वेगळे काय केले?

आता त्या विद्यार्थिनीला माझे उत्तर. ‘हकलबेरी फिन’ ही वर्णद्वेषाचा पुरस्कार करणारी कादंबरी नाही. वर्णद्वेषात वाढलेल्या एका गोऱ्या लेखकाने त्याच्याशी केलेला तो प्रामाणिक झगडा आहे. त्यात तो बराच जिंकला आणि शेवटी काही भाग हरला. तू हसली नाहीस हे योग्यच केलेस. प्रश्न विचारलास, तेही योग्यच केलेस. पुस्तक अभिजात आहे म्हणून प्रश्न विचारू नये, हे म्हणणे ग्रंथप्रामाण्याचेच दुसरे नाव आहे. कालामांना उपदेश करताना तथागतांनी धर्मग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणूनही काही स्वीकारू नका, असे सांगितले. ते कादंबऱ्यांनाही लागू आहे आणि माझ्या या लेखालाही लागू आहे.

ती इंग्रजी प्रत मी ग्रंथालयाच्या कपाटात ‘गुलामगिरी’शेजारी ठेवली आहे. ‘जेम्स’ मागवण्याचे पत्रही ग्रंथपालांना दिले आहे. पुढच्या मेळाव्याला ती येईल तेव्हा दोन्ही पुस्तके तिला तेथे सापडतील, आणि त्याच ओट्यावर बसून मला तिचे मत ऐकायचे आहे.